किनाऱ्यावरचं मचाण : देवमासे बघायचे तर बोटीत बसू नका

रानवाट
बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी मोजायला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून त्यांना कळेल अशाच शब्दांत सांगते. या जानेवारीत चार सकाळी मी समुद्राच्या काठी मचाण मांडून बसले होते. जागा देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरजवळचा सडा, म्हणजे समुद्राकाठचं उंच खडकाळ पठार. सोबत दुर्बीण, वही, पाण्याची बाटली आणि टोपी.

नागपूर-मडगाव गाडीने कणकवलीला उतरेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार उलटली होती. पहिल्या दोन सकाळी डॉल्फिन दिसले, किनाऱ्याच्या अगदी जवळ. तिसऱ्या दिवशी साडेसातच्या सुमाराला वारा पूर्ण पडला आणि पाणी तेल ओतल्यासारखं सपाट झालं. क्षितिजाच्या बऱ्याच अलीकडे एक पांढुरका धूर उभा राहिला आणि विरला. आधी वाटलं, होडीचं इंजिन. मग थोडा उत्तरेला तसाच दुसरा. तिसऱ्या वेळी दुर्बीण नेमकी तिथेच होती. आधी फवारा, त्यामागून काळी लांबलचक पाठ, ती सरकत राहिली, सरकत राहिली, आणि खूप मागे एक लहानसा बाकदार पर. शेपूट वर आली नाही. ब्राइड्स व्हेल बुडताना सहसा शेपूट वर काढत नाही, त्यामुळे माझा अंदाज तोच आहे, पण छातीठोकपणे सांगणार नाही. पाच मिनिटांत सगळं संपलं. मी नंतरचा अर्धा तास तशीच उभी होती आणि डोळे भरून आले होते, हे लिहायला मला संकोच नाही.

परत आल्यावर आमच्या जंगलवाल्या ग्रुपवर सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "बोटवाल्याचा नंबर दे." म्हणून हा धागा.

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला काय झालं ते आपण विसरलो नाही ना? एक वाघीण, तिचे पाच बछडे, आणि पुढून-मागून सफारीच्या गाड्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी गाड्यांत बसलेली माणसंही वाघावर प्रेम करणारीच असतील. तीच गर्दी आता समुद्रात नेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. वाघाला निदान झुडपात शिरता येतं. देवमाशाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि तो कुठे वर येणार हे बोटवाल्याला कळलं की त्याची सुटका नाही.

किनाऱ्यावरून बघणं ही कमी प्रतीची गोष्ट अजिबात नाही. कॅलिफोर्नियात ग्रे व्हेलची गणना शास्त्रज्ञ १९६७ पासून किनाऱ्यावर उभं राहूनच करतात. उत्तरेकडच्या थंड समुद्रातून मेक्सिकोच्या खाड्यांकडे जाणारे देवमासे एका कड्यावरून मोजायचे, म्हणजे आपली पाणवठ्यावरची प्रगणनाच. २०१६ मध्ये तिथे सुमारे २७,००० ग्रे व्हेल होते, २०२५ च्या अंदाजात सुमारे १३,००० उरले. आर्क्टिकचं बर्फ आटलं, समुद्रतळावरचं त्यांचं खाणं कमी झालं, आणि उपाशी जनावरं वाटेत मेली. ही घसरण कळली ती किनाऱ्यावर तासन् तास उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

दक्षिण आफ्रिकेत हर्मानस गावी जून ते नोव्हेंबर सदर्न राइट व्हेल पिल्लं घालायला येतात, अगदी कड्याखाली. देवमासा दिसला की समुद्रशेवाळाच्या वाळक्या नळीचं शिंग फुंकून दवंडी देणारा माणूस तिथे १९९२ पासून नेमलेला आहे. आणि श्रीलंकेत त्रिंकोमालीला स्वामी रॉक नावाच्या उंच कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे, तिथून निळे देवमासे दिसतात. कुणकेश्वर काय, कोणेश्वर काय, दोन्हीकडे महादेव समुद्राकडे तोंड करून बसलेला. मला हे फार आवडलं.

कोणी जाणार असेल तर कामाचं सांगते. उंची महत्त्वाची. वाळूत उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं, पन्नास मीटर उंच सड्यावर गेलं की ते पंचविसेक किलोमीटरवर जातं. सकाळी लवकर बसा, वारा सुटून पांढऱ्या लाटा फुटायला लागल्या की फवारा ओळखता येत नाही. दुर्बीण सतत डोळ्याला लावू नका. आधी उघड्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे पाणी वाचत जायचं, काही हललं तरच दुर्बीण. फवाऱ्याच्या आकारावरूनही ओळख पटते. निळ्या देवमाशाचा सरळ उंच, नऊ मीटरपर्यंत जातो. हंपबॅकचा बुटका, झुडपासारखा. स्पर्म व्हेलचा डावीकडे पुढे कललेला. पावसाळा सरल्यापासून मे महिन्यापर्यंत समुद्र बघण्यासारखा असतो.

झिरो माईल
ताई, फोटो नाही टाकला? अन् एक सांगू का, राग नका मानू. इथून हजारेक किलोमीटर जायचं, सुट्या टाकायच्या, लेकरांना घेऊन जायचं, अन् धूर पाहून परत यायचं, हे प्रत्येकाला नाही जमत. माझ्या पोरीला देवमासा दाखवायचा आहे. ती सात वर्षांची आहे, रोज विचारून राहिली. बोटीनं गेलो तर तिथल्या कोळ्यांना दोन पैसे मिळतील. ताडोब्यात जिप्सीमुळेच गावांमध्ये रोजगार आला ना? तिथे जिप्सी चालते अन् इथे बोट नाही, हे मला नाही पटलं.

रानवाट
राग कशाला? प्रश्न रास्तच आहे, आणि मीही आयुष्यभर जिप्सीतून फिरले आहे. फोटो आहे, पण त्यात फक्त पाणी आणि एक ठिपका.

ताडोब्यात गेट आहे, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, गाइड आहे, रस्ता सोडायचा नाही हा नियम आहे. एवढं असून काय होतं ते आपण बघतो. समुद्रात ना गेट, ना रस्ता. श्रीलंकेत मिरिस्साला एकाच देवमाशामागे अनेक बोटी धावतात, तो दचकून लवकर बुडी मारतो, खाणं अर्धवट राहतं. पिल्लू सोबत असेल तर आईला त्याच्या वेगानेच जावं लागतं.

तांडेलाची लेक
मी माहेरची देवगडची, लग्न होऊन मनीषनगरला आले त्याला अकरा वर्षं झाली. नागपुरात कुणीतरी कुणकेश्वरच्या सड्याबद्दल लिहिलंय हे बघून आधी दोनदा वाचलं.

झिरो माईल भाऊ, कोळ्यांचा विचार केलात, बरं वाटलं. माझे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. आमच्याकडे देवमासा दिसला तर इंजिन बंद करायचं, ही रीत. त्याच्या वाटेत आडवं जायचं नाही. जुनी माणसं लांबूनच हात जोडायची. नावातच देव आहे. भीती होतीच, कारण लाकडी होडीला त्याची पाठ नुसती घासली तरी संपलं.

मी नववीत असताना वडिलांच्या जाळ्यात एक अडकला. मोठा नव्हता, होडीहून थोडा लहान असेल. शेपटीला जाळं गुंडाळलं होतं आणि तो वर येऊन जोरात श्वास टाकायचा, तो आवाज वडील घरी करून दाखवायचे आणि मध्येच थांबायचे. त्यांनी आणि खलाशांनी पहाटेपर्यंत जाळं कापलं. तो सुटून गेला. त्या हंगामात आमच्याकडे दुसरं जाळं घ्यायला पैसे नव्हते. आईने बांगडी मोडली. त्या वेळी भरपाई वगैरे काही नव्हतं. आता आहे : २०१८ च्या शेवटी महाराष्ट्रात योजना सुरू झाली. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर पंचवीस हजारांपर्यंत मिळतात, फोटो किंवा व्हिडिओ दाखवावा लागतो. पंचवीस हजारांत अख्खं जाळं येत नाही, पण कापणारा हात मागे राहत नाही.

तेव्हा कोळ्यांना पैसे मिळावेत असं वाटत असेल तर आमच्या गावात चार दिवस राहा, आमच्याकडचं जेवा, आणि सड्यावर घेऊन जाणाऱ्या पोराला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. समुद्र त्याला घरच्या अंगणासारखा माहीत असतो. तुमच्या डोळ्यांना जो ठिपका वाटेल तो होडी आहे, पक्षी आहे की पाठ, हे तो लगेच सांगेल. तुमच्या लेकीला घेऊन नक्की या.

झिरो माईल
ताई, बांगडीचं वाचून गप्प झालो. घरी वाचून दाखवलं.

अंबाझरीकर
साधा प्रश्न आहे. देवमासा म्हणतो पण मासा नाही हे शाळेत शिकलो. मग समुद्रातच राहणारा प्राणी किनाऱ्यावर आला की मरतो कशानं? हवा तर तो आपल्यासारखीच घेतो.

रानवाट
वजनाने. पाण्यात त्याला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही. वाळूवर आला की त्याच्याच देहाचा भार फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडतो. शिवाय कातडीखाली चरबीचा जाड थर. पाण्यात तो ऊब धरतो, उन्हात तोच त्याला आतून शिजवतो. बऱ्याचदा तो आजारी किंवा जखमी असतो म्हणूनच काठाला लागलेला असतो.

जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत लागला होता, वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला ब्राइड्स व्हेल. त्याच महिन्यात तामिळनाडूत तुतिकोरीनजवळच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या वर पायलट व्हेल एकदम चढले. लोकांनी ओढून आत सोडले तरी काही परत आले, कारण ते आपला कळप सोडत नाहीत. त्याच भागात १९७३ मध्येही १४७ चढले होते. आणि नोव्हेंबर २०२३ मधलं गणपतीपुळ्याचं पिल्लू तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. गावकरी, वनखातं, डॉक्टर, टगबोट, सगळे चाळीसेक तास झटले, ते समुद्रात गेलं, पुन्हा किनाऱ्याला आलं आणि मेलं. त्या लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आईपासून तुटलेलं दूधपितं पिल्लू खोल पाण्यात एकटं सोडून जगत नाही.

फिरायला गेलात आणि असं काही दिसलं तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, तटरक्षक दल १५५४. शेपटीला दोर बांधून ओढू नका, सांधा निखळतो. ओली फडकी टाका, सावली करा, पण डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका, तो गुदमरेल. आणि गर्दी लांब ठेवा. सेल्फीवाल्यांना हटवायला दोन माणसं उभी राहिली तरी फार मोठी मदत होते.

पाषाणवेल्हाळ
निवृत्त भूवैज्ञानिक आहे, सेमिनरी हिल्सला राहतो. नागपूरचा आणि देवमाशाचा संबंध काय असं कुणी विचारायच्या आत थोडं लिहितो.

देवमाशांचं मूळ आपल्याच उपखंडात आहे. पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आशियाला भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र आटत चालला होता. त्याच्या उथळ काठावर हे प्राणी चार पायांवरून हळूहळू पाण्यात गेले. जम्मू भागातल्या कालाकोटच्या खडकांत इंडोह्यूस सापडला, मांजराएवढा, खुरांचा, हरणाच्या वळणाचा. त्याच्या कानाच्या हाडाची जाडी देवमाशासारखी आहे, म्हणून तो त्यांचा जवळचा नातलग ठरला. कच्छमध्ये त्यापुढची पायरी मिळते, कच्छीसेटस नावाचा. लांब निमुळतं तोंड, आखूड पाय, पाणमांजरासारखी चाल असावी. प्रा. अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये कच्छच्या या जीवाश्मांवर लिहिलं, तेव्हापासून जगाचं लक्ष तिकडे गेलं.

त्याच्याही आधी, डायनोसॉरांच्या काळात, समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघच्या थरांत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म मिळतात. मी तरुणपणी तिथे नकाशे करत फिरलो आहे. भर उन्हात, समुद्रापासून इतक्या लांब, हातात समुद्राचा शिंपला घेऊन उभा होतो. रानवाट, तुम्ही सड्यावर अर्धा तास का उभ्या राहिलात ते मला समजतं.

संत्रानगरी
मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा मेसेज आला आहे, "व्हेलची उलटी, करोडोंचा माल, पार्टी पाहिजे." आमच्या ओळखीचा एक मुलगा यात पैसे गुंतवतो म्हणून राहिला. हे नेमकं काय असते?

रानवाट
त्या मुलाला आजच थांबवा, हात जोडून सांगते.

लोक उलटी म्हणतात, पण ते अंबर, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. तो माकुळ (स्क्विड) खातो, माकुळाच्या टणक चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती मेणासारखा गोळा धरतो. सगळ्यांच्या पोटात होतही नाही. अत्तरात सुगंध टिकवायला पूर्वीपासून वापरतात, म्हणून भाव. भारतात स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे हे बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. किनाऱ्यावर सापडलं तरी वनखात्याला कळवायचं. पकडल्या जाणाऱ्या मालात नकली मेणही पुष्कळ असतं, म्हणजे पैसे जाणार आणि वर तुरुंग.

कन्हानकाठ
मी वेगळं विचारतो. आपली नागनदी पुढे कन्हानला, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला, अन् गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे महाल भागातल्या नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पन्नी देवमाशाच्या पोटात जाऊ शकते का? मी दरवर्षी नदी सफाईला जातो. पोरांना हेच सांगतो, पण खरं सांगून राहिलो का माहीत नाही.

रानवाट
वाट तुम्ही सांगता तशीच आहे. पण मध्ये गोसेखुर्दचं धरण आहे, पुढे गोदावरीवरही बंधारे आहेत. तेव्हा इथली अमुक पन्नी तिथे पोचलीच असं म्हणू नये. पोरांना वाट दाखवा, नकाशावर बोट फिरवून दाखवा, ती खरी आहे. देवमाशांच्या पोटात प्लास्टिक सापडतं हेही खरं. स्पर्म व्हेलसारखे खोल पाण्यात अंधारात शिकार करणारे जास्त गिळतात.

पण धोक्यांची उतरंड लावायची तर मी प्लास्टिक सगळ्यात वर ठेवणार नाही. आपल्या अरबी समुद्रातलं एक कुटुंब सांगते, म्हणजे कळेल.

जगभरचे हंपबॅक ऋतूप्रमाणे ध्रुवाकडे जातात आणि परततात. अरबी समुद्रातले जात नाहीत. ते बारा महिने इथेच राहतात, इथेच खातात, इथेच गातात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी ओमानच्या बाजूला खालचं गार पाणी वर येतं, त्यात खाणं मुबलक मिळतं, त्यावर ते जगतात. सुमारे ७०,००० वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे पडलेत असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. ओमानच्या किनाऱ्यावर केलेल्या अंदाजात ते ८२ निघाले. एवढेच. ताडोब्यातले वाघ आपण नावानिशी ओळखतो ना, तसे हे शेपटीच्या खुणांवरून ओळखतात.

इतके कमी का? नोव्हेंबर १९६६ च्या आसपास सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि आपल्या किनाऱ्यासमोर २४२ हंपबॅक मारले. बेकायदा, लपवून. जगाला कळायला तीस वर्षं लागली. हिंदी महासागर देवमाशांचं अभयारण्य म्हणून १९७९ मध्ये जाहीर झाला, पण तोवर घर रिकामं झालं होतं.

त्यांच्यातल्या एका मादीचं नाव लुबान, म्हणजे धुपात जाळतात तो लोबान. २०१७ च्या अखेरीस ओमानला तिच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावलं. ती समुद्र ओलांडून डिसेंबरात थेट गोव्यासमोर आली, किनाऱ्याने दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला. तोपर्यंत दोन्ही काठांचे हंपबॅक एकच कुटुंब आहे याचा असा पुरावा नव्हता. त्या वाटेत तिला किती जाळी, किती जहाजं चुकवावी लागली असतील याचा विचार करा.

म्हणून माझ्या मते पहिला धोका जाळी, त्यातही समुद्रात सुटून वाहत राहिलेली. दुसरा मोठी जहाजं. श्रीलंकेच्या दक्षिणेला जहाजांचा रस्ता नेमका निळ्या देवमाशांच्या चरण्याच्या जागेवरून जातो. एमएससी या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं थोडी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रस्ता हलवता येतो हे सिद्ध झालं. तिसरा आवाज. देवमासे शेकडो किलोमीटर ऐकू जाईल अशा खर्जात एकमेकांना हाका मारतात, आणि जहाजांची घरघर त्याच सुरात असते.

आणि निळ्या देवमाशाबद्दल, २०१५ मध्ये अभ्यासकांना कुणकेश्वरासमोर आई आणि पिल्लू दिसले होते. सड्यासमोरच्याच पाण्यात. म्हणून मी तीच जागा निवडली.

दिसलेलं कळवायला मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडियाची नोंदवही आहे, सामान्य माणसाची नोंदही घेतात. मी माझी तीन फवाऱ्यांची नोंद तिथे पाठवली. आणखी एक, समुद्री जीवांचं काम बघणारा कांदळवन कक्ष हा आपल्याच वनखात्याचा भाग, आणि खात्याचं मुख्यालय इथे सिव्हिल लाइन्सला. समुद्राच्या प्राण्यांसाठी काही मागायचं असेल तर नागपूरकराला फार लांब जावं लागत नाही. जहाजांच्या आणि जाळ्यांच्या प्रश्नावर निवेदन लिहायला कोण येतं?

कन्हानकाठ
मी येतो. अन् पाषाणवेल्हाळ काका, तुम्ही पण या.

पाषाणवेल्हाळ
गुडघे साथ देतील तितकं येईन. मसुदा मला पाठवा, शुद्धलेखन पाहतो.

झिरो माईल
रानवाट ताई, तांडेलाची लेक ताई, दिवाळीनंतरची तिकिटं पाहून ठेवली. पोरीला सांगितलं, फक्त धूर दिसेल, कदाचित तोही नाही. तिनं विचारलं, पण तो तिथे असेल ना? मी म्हटलं हो. चालते म्हणाली. लहान मुलांसाठी दुर्बीण कोणती घ्यावी?

रानवाट
आठ पट मोठं दाखवणारी, त्याहून जास्त नको, हात थरथरला की काही दिसत नाही. मानेत अडकवायचा पट्टा रुंद घ्या.

तांडेलाची लेक
आज सकाळी भावाचा फोन होता. पहाटे जाळं टाकायला गेले तेव्हा दोन फवारे दिसले, एक मोठा आणि लगेच बाजूला एक बारका. त्याने इंजिन बंद केलं. दक्षिणेकडे जात होते. ते दिसेनासे होईपर्यंत थांबला, मग होडी उत्तरेला घेऊन तिथे जाळं टाकलं. मासळी आज कमीच मिळाली म्हणाला. वेळ आणि जागा लिहून घेतलीय, ताई, नोंदवहीत कशी भरायची ते संध्याकाळी सांगा.